बाकाखालचे स्टँड

३ मार्च, सोमवार

डोक्यात नुसता जाळ. सकाळी गॅरेजवर गेले तर दारात नवा बाक. बाक कसला — एक लांब फळी, आणि दोन टोकांना आमचे दोन लोखंडी स्टँड. जॅकने उचललेली गाडी ज्यांच्यावर टेकवायची, ते. आता त्यांच्यावर गिऱ्हाइकं टेकणार.

दादाला विचारलं, हे काय? तर म्हणे, "माणसं ताटकळत उभी राहतात, बरं दिसतं का?" आणि तू गाडीखाली चपटा झालेला बरा दिसशील का — अगदी ओठांवर आलं होतं. सख्खा मोठा भाऊ, गॅरेजचा अर्धा मालक. उरलेली अर्धी मी. गिळलं.

४ मार्च

फळी उतरवली, स्टँड आत नेले. जेवून येते तोवर पुन्हा बाक! वर घाईशेठ बसलेले. आम्हीच ठेवलेलं नाव — काळ्या गाडीचे मालक, यांना सगळं कालच हवं असतं. म्हणतात, "ताई, छान सोय केलीत हो." मी केली? माझ्या नावावर कशाला खपवता.

६ मार्च

जॅक बसतोय. सील गेलंय, बुडाशी तेलाचा ओघळ. गाडी उचलून ठेवली, चहा पिऊन येईपर्यंत चांगली दोन बोटं खाली आलेली. दादाला दाखवलं. "म्हातारा झालाय बिचारा, दमतो," म्हणून हसला, आणि हसत हसतच त्या गाडीखाली सरकला. स्टँड कुठे? बाकाखाली. त्यावर एक बाई पेपर वाचत होत्या.

मी जॅकपाशी उभी राहिले. का, कुणास ठाऊक. पडली असती तर हातांनी धरणार होते? खालून त्याचा आवाज — "शेंडेफळ घाबरलं वाटतं." दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. नवं सील मागवलंय. येईल तेव्हा येईल.

७ मार्च

वहिनीच्या कानावर घातलं. "माझं ऐकणारा असता तर मी नसते का सुखी," म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मग भांडी विसळता विसळता हळूच — "तू असतेस ना पण तिथे?" त्याचाही रागच आला. असते मी. माझ्या असण्याने गाडी वर राहते की काय?

९ मार्च, रविवार

सुट्टी. रागाला सुट्टी नाही.

१० मार्च

आज घरून करवत घेऊन गेले. फळीचे तुकडे केले. दादा आला तेव्हा शेवटचा पडत होता. "डोकं फिरलंय का तुझं?" हो, फिरलंय. म्हटलं, स्टँड गाडीखाली राहतील, नाहीतर मी इथे राहणार नाही. नेमके तेव्हाच घाईशेठ हजर — खालून खडखड येतेय, आत्ताच्या आत्ता बघा. त्यांच्यासमोर तमाशा झाला, दादाचे कान लालबुंद.

दादाने गाडी त्याच जॅकवर चढवली. दोन्ही स्टँड फरफटत आणले आणि दाणकन खाली ठेवले. "घे तुझे स्टँड. झालं समाधान?" गाडी त्यांच्यावर उतरवलीसुद्धा नाही, मध्ये फट तशीच. नीट टेकव म्हटलं तर, "आता मला शिकव तू!" आणि गेला खाली. मला रडूच यायला लागलं, संतापाने. मेलास तरी आता बोलणार नाही तुझ्याशी, म्हणाले, आणि मागच्या खोलीत आले. इथेच बसून हे लिहितेय. तो अजून खाली आहे. ठोकल्याचा आवाज येतोय.

१० मार्च, संध्याकाळी

जॅक बसला. एकदम. मी धावत बाहेर आले तर फट मिटलेली, गाडी स्टँडवर, आणि दादा खालून सरकत बाहेर येत होता. उभा राहिला. बसायला दाराकडे गेला, तर बाक कुठे होता? फळीच्या तुकड्यांतच बसला, जमिनीवर. मी शेजारी बसले.

"बोल की काहीतरी," म्हणाला.

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.