गोवळकोंड्याच्या तीन टाळ्या

हैदराबाद, गुरुवार

तीर्थरूप आईस विश्वंभरचा दंडवत.

चारमिनार पाहिला, पण ध्यान सगळं बाबांच्या कानात. इथल्या डॉक्टरचं औषध संपलं तरी हाकेला मान वळत न्हवती. गेवराईचे वैद्य म्हणलते, गेलेला कान परत येत न्हाई. तेच डोक्यात घोळत होतं.

काल गोवळकोंडा पाहिला. तिथं खाली दरवाज्यात टाळी वाजवली की पार वर ऐकू येते. बाबांना वर धाडलं. ऐकू आली तर उपरणं हलवा, असं पाटीवर लिहून दाखवलं.

टाळी वाजवली. उपरणं हललं न्हाई. दुसरी वाजवली, तरी न्हाई. तिसरीला माझ्या हातात जोरच उरला न्हवता.

बाबा खाली आले. "लई उंच हाय लेका! दोन्ही हातांनी कठडा धरलता, उपरणं कशानं हलवू? अन् तिसरी टाळी एवढी हळू कावून? घाबरलास व्हय?"

गाय व्याली का? अन् आई, आता बाबांच्या पाठीमागं बोलताना जपून.

तुझा,
विश्वंभर