पेन्सिलीच्या रेघा

तीर्थरूप दादास,

नमस्कार तुझ्या वयाला. पार्सल मिळालं. वहिनीच्या दोन जुन्या साड्या, एक शाल, आणि तळाशी माझ्या लेकीने गुपचूप घातलेली कादंबरी. सोडवायला तीन रुपये पडले.

कादंबरी एका गुलाम आईची आहे. मालक तिची मुलगी दुसऱ्या घरी देतो आणि वर म्हणतो, "तिथे पोटभर खाईल, चार अक्षरं शिकेल." त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. पुढे 'पहाटेपासून भांडी' आणि 'जिन्याखाली अंथरूण' यांच्याखालीही.

दादा, तू म्हणाला होतास, "मामाकडे ती काय परकी आहे? शाळेत घालतो!" केसाने गळा कापलास. तिची पत्रं वाचूनच तू टपालात टाकतोस, म्हणून पोरीने पुस्तकातून कळवलं. त्या आईच्या हातून मूल ओढून नेलं होतं. मी माझ्या हाताने वेणी घालून धाडलं.

हे पत्र मी टाकणार नाही, राग तिच्यावर निघेल. देवाची क्षमा मागून दुसरं लिहिते: "मी अंथरुणाला खिळले आहे. मुलीला लगेच पाठव. कुठल्या गाडीने निघते, ते उलट टपाली कळव."

तुझी धाकटी बहीण