थंडी वाजणारा ऑक्टोपस

१ फेब्रुवारी, शनिवार

सात वर्षांच्या मुलांसाठी घडवलेल्या खुर्चीत पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने बसावे की बसू नये, याविषयी आपल्या एकाही शास्त्रकाराने अवाक्षर काढलेले नाही. नको त्या विषयांवर भाष्यांवर भाष्ये लिहिली, आणि इथे मौन! मी आज बसलो. उठलो तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली. तीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दोष ताईचा. पाय मुरगळला तिचा आणि शिक्षा मला! वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी ती मुलांना चित्रं काढायला शिकवते. अंगात ताप असतानाही कधी वर्ग बुडवला नाही. आणि काल सकाळी फोन — "पंडित, या महिन्याचे शनिवार तू घे."

म्हटलं, ताई, मी नगरपालिकेच्या बातम्या लिहितो. मला धड गाढव काढता येत नाही.

"गाढव नाही काढायचं. ऑक्टोपस काढायचाय. मी पायरीपायरीने काढून ठेवलाय. डोकं चालवू नकोस, समोर ठेव आणि उतरव."

उतरवणे हा मात्र माझा प्रांत. अण्णांनी लहानपणी माझ्याकडून पोथ्या उतरवून घेतल्या. नियम एकच — समोर आहे ते जसेच्या तसे, आपली अक्कल पाजळायची नाही. मूळ लेखनिकाला शिंक आली असेल तर ती शिंकसुद्धा उतरवायची. ताईला त्यांनी पोथीला बसवले नाही. तिचा हात चित्राचा, माझा नकलेचा. वडिलांनी केलेली ही वाटणी आम्ही दोघांनी निमूट मानली.

तर ताईचा कागद. आधी उलटी वाटी, मग दोन डोळे, मग हसू, मग आठ पाय. रेघ मात्र मोठी खुबीदार! सरळ जातच नाही, बारीक बारीक लाटा घेत जाते. पाण्यातला प्राणी, म्हणून रेघही पाण्याचीच. मी प्रत्येक लाट फळ्यावर इमानाने उतरवली.

मुलांना सांगितलं, याला अष्टबाहू म्हणायचं. पहिल्या रांगेत एक 'वकील' बसतो. त्याने लगेच हात वर केला.

"सर, बाहू म्हणजे हात ना?"

"हो."

"आठही हातच? मग चालतो कशावर?"

खटला हरलो. ऑक्टोपसच म्हणायचे ठरले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कचेरीतून परतताना ताईकडे डोकावलो. दाराशी लंगडत आली. चित्राचा कागद घ्यायला गेलो तेव्हा डावा पाय धरला होता, आज उजवा. बातमीदाराच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. त्यांचा अर्थ लावायची वेळ आली की मात्र बातमीदार चहा मागतो.

"तूच ओत रे. माझा पाय दुखतोय."

चहा ओतायला पाय कशाला लागतो? विचारलं नाही. ओतला. तिने अर्धाच कप घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज वर्ग रंगला! गेल्या वेळी मुलांची रेघ जरा सरळच गेली होती. म्हणून आज नियम घातला — सरळ रेघ काढील त्याचा ऑक्टोपस बुडाला असे समजण्यात येईल.

एक चष्मेवाली चिमुरडी आहे, बोलते म्हाताऱ्या बाईसारखी. मी तिला आजीबाई म्हणतो. ती उठून शेजारणीला शिकवू लागली. "अगं, पेन्सिल दाबून नाही धरायची. हात असा हलवायचा. थंडी वाजतेय असं समज. हां! आता आपोआप येतं."

बघता बघता सगळा वर्ग हात थरथरवत चित्र काढू लागला. तीस हात! वकील तर दातही वाजवत होता. न्यायला आलेले आईबाप दारात उभे राहून हसत होते. मीही हसलो. शिक्षक म्हणून माझा हा पहिलाच विजय.

तरी परत येताना उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. छत्री, चष्मा, किल्ल्या — सगळं जागेवर. तरीही.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईला फोनवर ही थंडीची हकीकत सांगितली. वाटलं, पोट धरून हसेल. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चित्त थाऱ्यावर नाही. पाणीपुरवठ्याच्या बातमीत सभापतींच्या तोंडी विरोधकांचं वाक्य घातलं. सभापतींचा फोन आला, तेच भाषण जास्त चांगलं झालं म्हणाले!

गृहखाते, म्हणजे आमची बायको, सकाळी सहज बोलून गेली — "वन्सं काल जिन्यावरून माझ्याआधी खाली उतरल्या. पाय बरा दिसतोय."

संध्याकाळी गेलो. म्हटलं, ताई, पाय बरा झाला म्हणे. तर ती पटकन पलंगावर बसली.

"कुठचा बरा! आणि हे बघ, सुईत तेवढा दोरा ओवून दे. चष्मा सापडत नाहीये."

चष्मा डोळ्यांवर होता. मी दोरा ओवून दिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजीबाईला न्यायला तिची थोरली बहीण आली. कॉलेजात जाते. लहानपणी ताईच्याच हाताखाली शिकलेली. फळ्यापुढे उभी राहिली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "काका, रागावू नका हं. पण बाईंचा ऑक्टोपस असा नाहीये."

म्हटलं, बाईंनीच काढून दिलाय. हा बघा कागद.

तिने कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. "पायऱ्यांखालचं अक्षर त्यांचंच आहे," म्हणाली. मग खडू उचलला. "आम्हाला त्या एका दमात काढायला लावायच्या. मध्ये हात उचलला की बाद."

आणि काढला. वाटीपासून आठव्या पायापर्यंत, एकच रेघ. तेलाची धार पडावी तशी. कुठे लाट नाही, गचका नाही.

"ह्याला थंडी नाही वाजत," आजीबाई नाराजीने म्हणाली.

मुलं हसली. मी फळा पुसला. दोन्ही ऑक्टोपस पुसले.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोथी उतरवणाऱ्याची चूक पुढच्या नकलेत जाते, तिथून तिच्या पुढच्या. चाळीस वर्षे लोकांना हे ऐटीत सांगत आलो. ताईचा हात मी फळ्यावर उतरवला, फळ्यावरून तीस मुलांनी उतरवला, आणि मी वर नियम घातला!

अर्धा कप. दोरा. तो दुखणारा पाय, जो आपली बाजू विसरतो.

अण्णांचंही असंच सुरू झालं होतं. आधी सही बिघडली. मग गुंड्या. मग घास.

मुलांची चित्रं गठ्ठा करून कपाटात ठेवली आहेत. ताईने दोनदा मागितली. पहिल्यांदा विसरलो म्हटलं, दुसऱ्यांदा वाचनालयात राहिली म्हटलं. ती बहीण आहे, सभापती नाही. तिला पटलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज ताई स्वतःच आली. न लंगडता. गृहखाते बाजारात गेलं होतं.

"चित्रं काढ बाहेर."

काढली. तिने मांडीवर घेऊन एकेक पाहिलं. मी खिडकीशी जाऊन रस्त्यावरच्या रहदारीचा अभ्यास करू लागलो. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. वाटलं रडते आहे. वळून पाहिलं तर हसत होती, डोळे पुसत हसत होती.

"अरे, तीसच्या तीस! गाढवा, तुला उतरव म्हटलं तर हेसुद्धा उतरवलंस?"

"समोर होतं ते उतरवलं."

"पंडित तो पंडितच." एक चित्र तिने लांब धरलं. कागद तिच्या हातात फडफडत होता, आणि कागदावरचा प्राणी खरंच पोहल्यासारखा दिसत होता. ती पुन्हा हसली नाही. कागद मांडीवर ठेवून त्यावर तळवा दाबून बसली.

मग म्हणाली, "जानेवारीत फळ्याला खडू टेकवला तर टक टक टक वाजायला लागला. थांबेचना. मुलांना वाटलं मी गंमत करतेय, हसली. मीही हसले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्या दिवशी नाही हसली. एक मुलगी रडायला लागली. मग तुला फोन केला."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"काय सांगणारेत ते मला? अण्णांचं सगळं मीच नाही का केलं? पुढचं पान पाठ आहे माझं."

म्हटलं, ताई, पाठ असलेल्या पानातही पाठभेद निघतात. दाखवल्याशिवाय कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझी विद्या कुणाच्या उपयोगी पडावी, अशी फार इच्छा होती.

ती म्हणाली, "चहा ठेव. आणि पूर्ण कप भर. सांडला तर सांडला."

सांडला. फडकं मी आणलं, पुसलं तिने.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई तयार झाली. उद्या दवाखाना, परवा वर्ग. खडू तीच धरणार. ऑक्टोपसला थंडी का वाजते ते मुलांना स्वतः सांगणार म्हणते. मी मागे, त्या खुर्चीत.

आत्ता ती गेल्यावर कोऱ्या कागदावर एक रेघ ओढून पाहिली. सरळ आली. बरं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

अण्णांना शेवटी ताई भरवायची. घास मोठा की लहान, पाणी कधी द्यायचं, त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून मध्येच काय बोलायचं — सगळं तिला यायचं. मी दारातून पाहिलेलं आहे. तेवढं एक मला उतरवता येईल की नाही, माहीत नाही. भीती वाटते.