तिसरा थेंब

आई,

लांबूनच पाया पडतो. दक्षा शाळेतून आली की हे तुला वाचून दाखवेल.

माझं इथे पुण्यात बरं चाललंय. वाइनबार लहानसा, सहाच टेबलं. माणसं एक ग्लास घेऊन तासभर बसतात, सोबत चीज, अंजीर. उरलं की मालकीण मलाही देते. पण नागलीच्या भाकरीशिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही. रानशेतला भात लावून झाला का?

काल मालकिणीने नवी बाटली उघडली, मलाही चव घे म्हणाली. मी सवयीने बोट बुडवून थेंब जमिनीवर सोडले, बाबा ताडी पिण्याआधी आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन सोडतात तसे. गिऱ्हाइकं कौतुकाने बघत होती. आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आणि तिसऱ्या थेंबाला तोंडातून बाबांचं नाव निघालं.

मी गुडघ्यावर बसून ती फरशी तीनदा पुसली. लोक हसले.

आई, बाबांचा आवाज ऐकून एकवीस दिवस झाले. फोन केला की तू म्हणतेस, झोपलेत, शेतावर गेलेत, डहाणूला गेलेत. खरं सांग, मी रागावणार नाही. रविवारी फोन करतो, तेव्हा तो त्यांच्या तोंडाशी धर. बोलले नाहीत तरी चालेल, नुसते खोकू देत.

तुझा,
सुनिल