वाडीवरचा ‘व्हय’

मंगळवार, संध्याकाळ. रोहा.

पब्लिक हेल्थची मास्टर्स आज हातात आली. परदेशात मेडिकलला जायच्या आधी तिथल्या विद्यापीठाचा दोन वर्षांचा कोर्स ऑनलाइन एका वर्षात उरकला. आई पेढे वाटत सुटली. मला काहीच वाटेना.

प्रबंधासाठी सर्व्हे केलेल्या वाडीवर पेढे घेऊन गेले. जनीमावशीने तांब्याभर पाणी दिलं. सहज विचारलं, “उकळलेलं ना?”

“नाय गो. तवा आमी सगल्यांनी व्हय म्हटलं. नाय म्हटलं का तू आणखी चार सवाल विचारायचीस. तुजी गाडी चुकली असती.”

प्रबंधात लिहिलंय, सगळी वाडी पाणी उकळून पिते. त्यालाच जास्त मार्क. मी तरी कुठे चूल बघितली?

मावशीने पुन्हा तांब्या पुढे केला. प्यायले. अजून पोटात काही होत नाहीये. कुठेच काही होत नाहीये.