धूळ गेल्यावरचा दम

बाबा, आज सकाळी एक पेशी बराच वेळ टिकली. तुम्ही असता तर मी एवढंच सांगितलं असतं आणि तुम्ही "बरं" म्हणून चहा मागितला असता, म्हणून जरा नीट लिहिते. आपल्या फुप्फुसात काही पेशी पहाऱ्यावर असतात. धूळ आत आली की त्या जाग्या होतात आणि सूज सुरू करतात. त्यांच्या आवरणात फार बारीक मार्ग असतात. ते उघडले की कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशी जागी होण्यात त्याचा मोठा हात असतो. हे मार्ग कधी उघडतात, कधी मिटतात, ते पाहणं हे माझं काम. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला टेकवायची आणि जोडलेल्या ट्यूबमधून तोंडानं किंचित हवा ओढायची. जास्त ओढली की पेशी फाटते, कमी ओढली की सुटते. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, पहिल्यांदाच करतेस ना? मी हो म्हटलं. तुम्हाला मिलमध्ये असंच तोंडानं सूत ओढताना पाहिलं होतं, ते त्यांना काय सांगणार?

खंडेनवमीला घरच्यांना तुमच्या कापडाच्या मिलमध्ये आत सोडत. मागांवर झेंडूच्या माळा, सगळीकडे उदबत्तीचा वास. तुम्ही मला तुमच्या मागापाशी उभं करता, आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी बसवता, धोटा ओठांना लावता आणि एकदाच श्वास आत ओढून सुताचं टोक भोकातून बाहेर काढता. शेजारच्या मागावरचे काका म्हणतात, "देख बेटा, आधी रुई तेरे बाप ने खा ली, जो बची उसका कपड़ा बना." तुम्ही हसता, आणि मग खोकत राहता.

मिल बंद झाली तेव्हा पुष्कळ जण गेटवर बसून राहायचे. तुम्ही नाही बसलात. सांवेर रोडला एका गोदामात राखणीचं काम धरलंत आणि आईला म्हणालात, "चलो, एक तो फायदा झाला. रुई नाही तर खोकला कशाचा?" आम्ही ते खरं मानलं. तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसल्याशिवाय आई मिरचीची फोडणी देत नसे. तीही म्हणाली, खोकला आता थोड्याच दिवसांचा आहे. दिवाळी गेली, होळी गेली. स्नेहलतागंजच्या घराचा जिना चढताना तुम्ही मधल्या पायरीवर बसायला लागलात. कुणी आलं की चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवायचात.

पलासियाच्या डॉक्टरांना मी तुमच्यासमोरच विचारलं, हे मिलच्या धुळीनं झालं का? बाहेर पडल्यावर तुम्ही भर रस्त्यात थांबलात. "मिलला नाव ठेवायचं नाही. तिच्यावरच शिकलीस तू."

"नाव नाही ठेवत. धूळ गेली तरी दम का जात नाही, एवढंच विचारतेय."

"मग मला काय विचारतेस? साइन्स तू शिकतेस ना? तूच बता."

पुढच्या थंडीत तुम्ही गेलात.

आमचे विभागप्रमुख सरळ माणूस आहेत. गेल्या आठवड्यात म्हणाले, "मॅडम, अब तो मिलें ही नहीं रहीं. ये किसके लिए कर रही हैं? कुछ और उठाइए." मी म्हटलं, सर, ती धूळ घेतलेली माणसं अजून आहेत. आजची पेशी आधी धुळीत ठेवलेली होती, मग धुऊन स्वच्छ द्रावणात घेतलेली. तरी पडद्यावरची रेघ उडतच होती. मार्ग उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. धूळ तर केव्हाच गेली होती. का, ते कळलेलं नाही, आणि एका पेशीवरून काही म्हणताही येत नाही. पुन्हा करणार आहे. टिकणार नाहीत त्या टाकून दुसऱ्या घेणार आहे. विषय बदलणार नाही, हे सरांना सोमवारी सांगेन.

हे पाकिटात घालायचं नाहीच. उत्तर मिळालं तरी तुमच्या उपयोगाचं नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मात्र ते मिळालं की तुमच्याशी बोलायला काही उरणार नाही, याची थोडी भीती वाटते. तरी उद्या लवकर जाणार आहे.