सहावा डबा

मास्तरसाहेब, सकाळपासून लिहायला बसायची ही तिसरी जागा. आधी टेबलाशी बसलो, मग ओसरीवर, आणि आता स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलोय. बायको कणीक मळतेय. तिनं एकदा विचारलं, "पायाला भिंगरी लागलीय का आज?" आणि मग माझा नाद सोडला. उद्या मी कॉलेजातून निवृत्त होतोय. जीवशास्त्राचा प्रोफेसर म्हणून. तुम्हाला गाव प्रोफेसर म्हणायचं ते अर्धं आदरानं आणि अर्धं चेष्टेनं, कारण तुम्ही कधीकाळी औरंगाबादला कॉलेजात शिकवलं होतं आणि कुणाशी तरी न पटल्यामुळं आमच्या धाराशिवच्या शाळेत येऊन पडला होता. मी मात्र कागदोपत्री प्रोफेसर आहे. उद्या माझ्यासाठी मांडव, हार, शाल, नारळ आणि मानपत्र. मानपत्राचा मसुदा एका विद्यार्थिनीनं काल आणून दिला, "सर, चूक असली तर दुरुस्त करा" म्हणाली. तो इथं पोळपाटाशेजारी पडलाय. त्यातल्या एका ओळीपाशी मी कालपासून अडकलोय. टारफुल्याचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, हे आपल्या भागात प्रथम सरांनी दाखवलं, अशी ती ओळ आहे.

प्रथम. तुम्हाला हसू येईल. का राग येईल, ते मला कळत नाही. तुमच्या बाबतीत मला ते कधीच कळलं नाही.

तुमच्या निरोपाच्या दिवसाबद्दल लिहायला बसलोय, पण आधी नाकतोडा आठवतो. आठवीचा वर्ग. निजामाचं राज्य, सगळं शिक्षण उर्दूतून, आणि आम्ही ढोकीकडच्या खेड्यांतली पोरं घरी मराठी, शाळेत उर्दू आणि खेळताना दोन्हीची भेसळ बोलायचो. जीवशास्त्राला हयातियात म्हणायचं हे मी घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं होतं कसलं तरी औषध असावं. तुम्ही प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक मेलेला नाकतोडा ठेवला आणि चित्र काढायला सांगितलं. मी सुरेख काढलं. शेजारचा माझ्या वहीत डोकावून बघत होता म्हणून आणखी सुरेख काढलं. तुम्ही वही हातात घेतली, चष्मा वर केला, माझ्या नाकतोड्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, "मेरे नाकतोड्याकू पाँच पाँव हैं. ये छटा किधर से लाए मियाँ?" त्याचा एक पाय खरोखरच मोडलेला होता. मी पुस्तकात बघून सहा काढले होते. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "तुम देखे या किताब देखी?" असं विचारून ते पान तुम्ही शांतपणे फाडलंत, आणि फळ्यावर लिहिलंत ते आम्हा सगळ्यांना वर्षभर पाठ होतं. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. जे पाहिलं ते लपवायचं नाही. त्यातला पहिला अर्धा मी जन्मभर पाळला. माझे विद्यार्थी त्यासाठी मला खडूस म्हणतात.

तुमच्या घरामागच्या अंगणात भिंतीला लागून रॉकेलचे सहा डबे ओळीनं होते. एकाच शेतातली टारफुल्यानं भरलेली माती चाळून तुम्ही त्या सहांत भरली होती. टारफुला कुणाला सांगायला नको. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं रक्त पिणारं ते तण, वर इवलीशी पांढरी फुलं, आणि धुळीपेक्षा बारीक बी. तुमचा सवाल साधा होता. ज्वारी पेरलीच नाही तर हे बी मातीत किती वर्षं झोपून राहतं? म्हणून दर वर्षी एकाच डब्यात ज्वारी पेरायची, बाकीचे तसेच ठेवायचे. पाच वर्षांत पाच डबे झाले आणि पाचही उगवले. सहाव्या वर्षी तुमची नोकरी संपत होती आणि मी मॅट्रिकला पोचलो होतो. चाचीजान, तुमच्या बेगम, चहा देताना डब्यांना सवत ठरवून म्हणायच्या, "लोगां की सौकन महल में रैती, मेरी सौकन डब्ब्यां में रैती." तुम्ही ऐकलं न ऐकलं करायचात. आणि त्या मला हळूच जास्तीची खारी बिस्किटं द्यायच्या, कारण पाणी घालायचं काम माझ्याकडं होतं.

त्या पावसाळ्यात तुम्हाला पेन्शनीच्या कागदांसाठी हैदराबादला जावं लागलं, दहा दिवसांसाठी. निघताना येडशीच्या गाडीसाठी टांगा दारात उभा होता आणि तुम्ही मला सहाव्या डब्यापाशी घेऊन गेलात. ज्वारी गुडघ्याला आली होती. "पानी डालना. जो दिखे सो लिखना. हाथ नहीं लगाना," असं म्हणालात आणि वही दिलीत. हात लावू नको हे तुम्ही मलाच का सांगितलंत, बाकी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, हे मी पुढं कितीतरी वेळा मनात घोळवलं. तुम्हाला माहीत होतं की मी कुणाचं पोर आहे.

माझ्या बापाचा आमच्या घरी एक नियम होता. शेतात जाताना, येताना, बांधावरून, कुठंही टारफुला दिसला की पाऊल थांबलं पाहिजे. "वलांडून गेलास तर रातच्याला भाकर न्हाय. आधी उपट, मंग म्होरं व्हय," असं तो म्हणायचा आणि तसं करायचाही. माती भुसभुशीत करून, बोट खोल घालून, ज्वारीच्या मुळावरच्या गाठीसकट उपटायचा, वरचा शेंडा तेवढा तुटून आला तर पाठीत रपाटा. लग्नाच्या वऱ्हाडात, नव्या धोतरात असतानाही त्याला मी खाली वाकताना बघितलंय. मला चालता यायला लागलं तेव्हापासून माझ्या हाताला हे शिकवलेलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी मी डब्यांना पाणी घालत होतो आणि तोंडानं सिपासनामा घोकत होतो. तुमच्या निरोप समारंभात तुमची तारीफ करणारा तो लांबलचक कागद वाचायचा मान मला मिळाला होता. मौलवीसाहेबांनी तो लिहिला होता, अशा जड उर्दूत की दर दोन शब्दांनंतर जीभ अडखळायची. आपकी बारीक नजर से जर्रा भी न छुप सका, या वाक्यावर मी पुन्हा पुन्हा घसरत होतो. घोकता घोकता खाली वाकलो, ज्वारीच्या पानाआड तीन रोपं दिसली, एकाला फूल आलेलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. बोटं मातीत गेली, तिन्ही रोपं गाठीसकट वर आली आणि मी ती मागं फेकली. चाचीजानची शेळी तिथंच बांधलेली होती. मी वळून बघितलं तेव्हा फूल तिच्या ओठांत होतं.

बापानं हाताला शिकवलं होतं आणि तुम्ही डोक्याला. हात आधी शिकला होता, एवढंच. इथपर्यंत ती चूक होती आणि ती मी तुम्हाला सांगू शकलो असतो. तुम्ही मारलं नसतं. पण मग मी वही उघडली, तारीख घातली आणि पुढं लिहिलं, सहावा डबा, काही नाही. लिहिलं त्या घडीला डब्यात खरंच काही नव्हतं. हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलोय. कुठल्या पोराला असं उत्तर देताना पकडलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

तुम्ही परत आलात, वही वाचलीत आणि डब्यापाशी उकिडवे बसलात. मी चहाची कपबशी धरून दारात उभा. तुम्ही एका जागची माती बोटानं दाबून बघितलीत. तिथली माती सैल होती. मग वर न बघता म्हणालात, "यहाँ कुछ था. या नहीं था." चाचीजान म्हणाल्या, "बकरी छूटी होगी." शेळी सुटलेली नव्हती. दोन दिवस तिला अंगणातून हलवून पुढच्या दारी बांधलं, तिला बिचारीला कशाची शिक्षा ते कळलं नसेल. मी रोज पाणी घालायला येत राहिलो. आणखी एकही रोप उगवलं नाही.

मग तो समारंभ. शाळेच्या अंगणात शामियाना, शहरातले दुकानदार, वकील, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं, मागच्या बाजूला खेड्यांवरून आलेले आमचे बाप फेटे बांधून. गळ्यात इतके हार की तुमची दाढी दिसेना. मी सिपासनामा वाचला. कुठंही अडखळलो नाही. बारीक नजर आली तेव्हा टाळ्या पडल्या आणि माझा बाप, ज्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तो सगळ्यांच्या नंतरही वाजवत राहिला. मग तुम्ही उठलात. नोकरीबद्दल दोन वाक्यं बोललात आणि लगेच डब्यांवर आलात, उर्दूत बोलून मग तेच मागच्या रांगांसाठी मराठीत सांगितलंत. पाच वर्षं बी जगतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सहाव्याबद्दल मी बोलू शकत नाही, कारण मी पाहिलं नाही. माती सैल होती, पण सैल माती म्हणजे रोप नव्हे. मग म्हणालात, "कोई देखा हो तो बोलना. मैं उसके नाम से लिखूँगा."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. मला वाटतं, मुद्दाम बघितलं नाहीत. शामियान्यात कुणीतरी खोकलं. मी सिपासनाम्याची गुंडाळी दोन्ही हातांत धरून पहिल्या रांगेच्या टोकाला उभा होतो. एक वाक्य होतं, मास्तरसाहेब. तीन रोपं होती, मी पाहिली, मी उपटली. तुम्ही सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते एवढंच होतं. माझा बाप मागं बसलेला, आणि मला हैदराबादच्या कॉलेजात जायचं होतं, आणि तुमच्या शिफारशीशिवाय जाता येत नव्हतं. मी गप्प बसलो. तुम्ही मान हलवलीत, खाली बसलात आणि मग पेढे वाटले.

संध्याकाळी तुम्ही शिफारशीचं पत्र दिलंत. अजून माझ्याकडं आहे, घडीवर फाटलेलं. त्यात माझ्या हुशारीबद्दल काही नाही. एकच ओळ आहे, की हा मुलगा जे पाहतो तेच लिहितो. ते देताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, बराच वेळ. तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असून लिहिलंत का? हा माफीचा हात होता का शिक्षेचा, का तुम्हाला खरंच काही कळलं नव्हतं आणि एका म्हाताऱ्या मास्तरनं आवडत्या पोराला दिलेला तो नुसता आशीर्वाद होता? या तिन्हींत फिरत मी म्हातारा झालो. कधी कधी मला तुमचाच राग येतो. मला बाजूला घेऊन दोन थोबाडीत द्यायला काय झालं होतं तुम्हाला?

मी हैदराबादला गेलो. पुढची दीड-दोन वर्षं, निजामाचं राज्य जाईपर्यंतची, कशी गेली ते आमच्या भागात कुणाला विचारायला नको. रस्ते बंद, पत्रं बंद, माणसं एकमेकांच्या दाराकडं बघायला भ्यायची. त्यातच दम्यानं तुम्ही गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. घरी आलो तेव्हा तुमच्या दाराला कुलूप होतं, चाचीजान भावाकडं निघून गेल्या होत्या, वह्या त्यांच्या ट्रंकेत की रद्दीत ते कुणालाच सांगता येईना. डबे मात्र होते, गंजलेले. माझा बाप माझ्याबरोबर आला होता. डब्यांकडं बघत म्हणाला, "लई इमानी माणूस व्हता. न्हाय बघितलं तर न्हाय म्हणला, समद्या गावाम्होरं." मी त्यालाही सांगितलं नाही. तोही गेला.

पुढं मी तेच काम केलं. दुसरं काही करताच आलं नाही. डब्यांऐवजी कुंड्या, सहाऐवजी कितीतरी जास्त वर्षं, छापील कागदावर माझं नाव. बी जगलं. प्रत्येक वेळी रोप वर आलं की मी हात पाठीमागं बांधून उभा राहायचो, आणि विद्यार्थ्यांना वाटायचं ही सरांची ऐट आहे.

लिहिता लिहिता उठावं लागलं. ती विद्यार्थिनी मसुदा न्यायला आली होती, छापायला द्यायचा म्हणून. मी तिच्यासमोरच पेन घेतलं आणि 'प्रथम' खोडलं. ती म्हणाली, "सर, पण पुस्तकांत तसंच आहे ना? मग आधी कुणी दाखवलं?" मी म्हणालो, "पुस्तकानं पाहिलेलं नाही." तिनं मसुदा उचलला. "उद्या सांगतो," म्हणालो. ती गेली. बायकोनं तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, "काय सांगणार आहात उद्या?" मी पाट ओढून पुन्हा लिहायला बसलो. उद्या माझं तोंड उघडेल की शामियान्यातल्यासारखं मिटून राहील, हे मी इथं लिहीत नाही. अजून पाहिलेलं नाही.

जे पाहिलं ते लिहितो. हा कागद कुठं धाडायचा नाही, वही हरवली आहे, म्हणून इथंच. सहावा डबा. टारफुल्याची तीन रोपं, ज्वारीच्या खोडापासून वीतभर अंतरावर, एकाला पांढरं फूल. पाहणारा मी. उपटणारा मी. तारखेशिवायची नोंद तुम्ही कधीच मान्य केली नाहीत, आणि तारीख मला आठवत नाही. ती तुमच्या वहीत होती, माझ्या अक्षरात, 'काही नाही'च्या शेजारी.